एकाच वाटेचं गाव

सोलापूर
भाऊबीज, १९७४

दादा,

पत्र वच्छीचं आहे. फाडायचं असलं तर आधी वाच, मग फाड. ओवाळायला बोलावत नाहीस म्हणून रुसून लिहीत नाही, ते रुसणं कधीच आटलं. आज लिहायला कारण आहे, आणि ऐकलंस तर तुझीसुद्धा छाती फुगेल. कबूल करणार नाहीस, ते माहीत आहे.

आपल्याकडच्या कोरडवाहू गावांची नव्यानं मंडळं पाडायचं सरकारनं ठरवलंय. एका मंडळाला एक कचेरी, एक दवाखाना, एक धान्याचं गोदाम. आजवर अशी आखणी कशी व्हायची ते तुला सांगायला नको. ज्यानं साहेबांना कोंबडं खाऊ घातलं त्याच्या दारात दवाखाना, आणि बाकीच्यांनी बाळंतीण बाजेवर घालून कोसच्या कोस चालायचं. या खेपेला समितीवरच्या रुद्रप्पा साहेबांनी हट्ट धरला की आखणी गणितानं करू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. कॉलेजात गणित शिकवणारी एक बाई त्याच भागातली आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं. व्हय, तीच बाई! साटंलोटं मोडून वसतिगृहात पळालेली. तू बजावैनीला करून आणायची आणि बदल्यात मी तिच्या भावाच्या, येडूच्या घरात जायचं, असं ठरलं होतं ना? तू आणलीस, मी गेले नाही. "शिकून काय दिवं लावनार हाय" म्हणाला होतास. बघ, एक लावला.

कसं केलं ते सांगते, अवघड नाही. बकरी घेऊन निघालास की समोरचं गाव डोळ्यांना किती जवळ दिसतं याला काही किंमत नसते, वाट किती लांब आहे तेवढंच खरं. म्हणून मी नकाशा गुंडाळून ठेवला. माझ्या शेजारी चंद्रव्वा राहते, घरात माग आहे, तेलुगूच बोलते पण माझ्याशी मोडकंतोडकं मराठी. तिच्याकडून सूत आणलं. एक गाव म्हणजे एक गाठ. दोन गावांमधे जेवढी वाट, तेवढ्या मापाचं सूत. सगळी गावं अशी जोडली की जाळं तयार होतं. ज्या गावाला कचेरी द्यायची त्याची गाठ भिंतीतल्या खिळ्याला अडकवायची आणि बाकीचं सोडून द्यायचं. जी गाठ जास्त खाली लोंबेल ते गाव वाटेनं जास्त लांब. दुसऱ्या खिळ्याला दुसरं गाव अडकवून बघायचं, माणसांच्या बेरजा करायच्या, आणि दोन्ही बाजूंना सारखी माणसं, सारखी पायपीट होईपर्यंत खेळत बसायचं. माझ्या खोलीत आता चालायला जागा नाही, वाकून जावं लागतं.

दोन मंडळं छान पडली. वरच्याची कचेरी तुपेवाडीला, खालच्याची बोरखडीला. आपली कोळसवाडी तेवढी मधे अडकली होती. ती वरच्या मंडळात घातली आणि दोन्ही बेरजा अशा जुळल्या की मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. एक सूत मात्र कापावं लागलं. आपल्या गावातनं ओढा ओलांडून बोरखडीला जाणारी गाडीवाट. ती दोन मंडळांच्या मधोमध येते, म्हणजे तिची डागडुजी कुणीच करणार नाही, मग हिशेबात ठेवून काय करू? कात्रीनं कापली. तुम्हाला तुपेवाडीची वाट आहेच की. बाकी दुसऱ्या प्रत्येक गावाला निदान दोन वाटा राहतील हे मी जातीनं पाहिलंय.

गोजा आता चुरूचुरू बोलत असेल. पोरीला मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही, दादा. या एका गोष्टीचा मला फार राग येतो तुझा. सोलापुरात तुला एक आत्या आहे, एवढं तरी तिला सांग.

वच्छी


सोलापूर
६ डिसेंबर १९७४

दादा,

कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी लिहिलंस आणि त्यात काय, तर "वाट बंद झाली. बोरखडीवाल्यांनी नांगर घातला, काट्या लावल्या. गाडा आला हाय, फुडं जात न्हाय. तुजी कात्री तुज्यापाशी ठेव." बहिणीला लिहायची ही रीत झाली का रे?

बोरखडीवाल्यांनी वाटेत नांगर घालायला नको होता, मान्य. पण तेही म्हणत असतील, वाट सरकारनंच सोडून दिली, मग आमच्या रानातला तेवढा पट्टा आम्ही का सोडायचा? यात माझा काय दोष? मी सूत कापलं, वाट कापायला कुणाला सांगितलं नव्हतं.

आता गाड्याचं. मरीआईचा गाडा मला तू शिकवू नकोस, मीही त्याच मातीत वाढले. कमरेएवढा लाकडी गाडा, त्यावर हिरवं खणाचं कापड, बांगड्या, लिंबू, दहीभात. गावात रोगराई आली की आईला गाड्यात बसवायचं आणि शिवेपलीकडे नेऊन ठेवायचं. पुढच्या गावातल्या माणसानं शिवेवर येऊन गाड्याला हात लावायचा, पूजा करायची आणि गावाबाहेरनंच त्याच्या पुढच्या शिवेपर्यंत ओढत न्यायचं. असं करत करत ती लांब निघून जाते. ती वाटेनंच जाते, रानातनं ओढलेली तिला चालत नाही. आणि ज्या वाटेनं आली त्या वाटेनं परत जात नाही. हे सगळं मला पाठ आहे. लहानपणी बोरखडीच्या शिवेवर गाडा सोडून आपण कसं घराकडे पळत सुटायचो!

तुपेवाडीकडनं आला आणि आता बोरखडीची वाट नाही, म्हणून अडला. बरं मग, अडू दे की! लाकूड आहे ते. बाभळीखाली उभा करा, वर एक गोणपाट टाका. तुमच्याकडे कुणाला काही झालंय का? नाही ना? मग झालं तर. दुष्काळानं माणसं अशीच अर्धी झालीत, त्यात हे भय कशाला?

खोलीतलं जाळं अजून तसंच टांगलेलं आहे, साहेबांना दाखवायचंय म्हणून. कोळसवाडीची गाठ मी मोजलेल्यापेक्षा खाली आली आहे. नवं सूत ताणतंच, त्यात नवल नाही. चंद्रव्वा मात्र म्हणते, तिच्या घरचं सूत असं ताणत नाही. ती मानी आहे तिच्या सुताबद्दल.

गोजाचं काहीच लिहिलं नाहीस.

वच्छी


सोलापूर
२० जानेवारी १९७५

दादा,

तुझं दुसरं कार्ड संक्रांतीला आलं. मी तिळगूळ पाठवला होता तो परत आला, शिक्क्यावर शिक्के मारलेला. पोस्टमन म्हणतो, पोस्टाचा माणूस तुपेवाडीपर्यंतच जातो, पुढे जायला तयार नाही. तुझं कार्ड मग बाहेर कसं आलं? तू शिवेवर दगडाखाली ठेवून जातोस आणि तुपेवाडीचा कुणी उचलून पेटीत टाकतो, असं त्यानंच सांगितलं. का रे दादा? तुला चालत जाऊन टाकता येत नाही?

"आनकी गाडं आलं," एवढंच तू लिहिलंस. किती ते लिहिलं नाहीस. मी तुपेवाडीच्या मास्तरांना विचारलं, ते कॉलेजला कामासाठी आले होते. त्यांनी सांगितलेलं मी तुला सांगते, कारण तुला तुझ्याच शिवेपर्यंतचं दिसतं. वरच्या मंडळात रोगराई नाही. कुठल्याच गावानं गाडा काढलेला नाही. सकाळी लोक उठतात तेव्हा तो शिवेवर उभा असतो, भात ताजा, लिंबू ताजं. मागच्या गावाला विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे पण असाच आला, आम्ही फक्त पुढे ओढला. त्याच्या मागचं गावही तेच म्हणतं. मास्तरांनी हे हसत हसत सांगायला सुरुवात केली होती, पण शेवटी शेवटी चहा तसाच ठेवून गेले. हे पत्र त्यांच्याच पत्त्यावर पाठवते, ते तुझ्या दगडाखाली ठेवतील.

मग मी जाळ्यापुढे बसले. दादा, मला जे समजलं ते समजल्यापासून जेवण जात नाही. नियम दोनच. वाटेनंच जायचं, आणि आल्या वाटेनं परतायचं नाही. वरच्या मंडळात आपलं सोडून प्रत्येक गावाला दोन वाटा आहेत, मीच पाहिलंय ना जातीनं! म्हणजे गाडा कुठेही आला तरी पुढे जायला त्याला दुसरी वाट आहेच. थांबायची जागा त्याला फक्त एका गावात आहे. कुठूनही निघू दे, इकडे फिरू दे, तिकडे फिरू दे, आज ना उद्या तो कोळसवाडीत शिरणार आणि तिथंच राहणार. मी बोट ठेवून ठेवून सगळ्या गाठींवरनं जाऊन पाहिलं. प्रत्येक वेळी बोट तुझ्या दारात.

पूर्वी असं नव्हतं. वाटा वेड्यावाकड्या होत्या, एक वाट असलेली गावं पुष्कळ होती, आणि कुठला गाडा कुठे अडायचा याला ताळतंत्र नव्हतं. मी सगळ्यांना सारखं केलं आणि उरलेलं सगळं एका गावाच्या पदरात घातलं. आपल्याच.

रुद्रप्पा साहेबांकडे गेले. त्यांना गाड्याचं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, कोळसवाडीला खालच्या मंडळात घालू, ती वाट परत धरू. ते म्हणाले, "बाई, बेरीज जुळली म्हणून तुम्हीच पेढे वाटले. आता एक गाव हलवलं की उरलेली सगळी गावं उठून येतील, आम्हाला पण हलवा म्हणून. सह्या झाल्यात." माणूस वाईट नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि विश्रांती घ्या म्हणाले.

गाठ आता जमिनीपासून वीतभरावर आहे. तिच्या वरचं सूत बोटानं छेडलं तर वाजतं, एवढं ताणलंय. खिळा खाली वाकलाय. गाठीला मी हात लावला नाही.

वच्छी


सोलापूर
१४ फेब्रुवारी १९७५

दादा,

परवा तू शिवेच्या दगडापलीकडे उभा होतास आणि मी अलीकडे. इतक्या वर्षांनी भेटलो आणि मधे तो दगड. तू म्हातारा दिसतोस. मी हे तुला तोंडावर सांगितलं असतं, पण बोलायला गेले आणि दुसरंच बोलत बसले.

तुला तुझ्या बाजूनं जे दिसत होतं ते मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूनं लिहिते. गोजा तापलीय असं तुझं कार्ड आलं तशी निघाले, आणि मंगळवेढ्याची एसटी धरून तुपेवाडीला उतरले तेव्हा चांगलं ऊन होतं. तुपेवाडीपासून तुमच्या वाटेवर फुफाटा आहे. त्यात चाकोऱ्या उमटल्यात, अरुंद, लहान चाकांच्या. सगळ्या तुमच्याकडे जाणाऱ्या. बैलांच्या खुरांचे ठसे नाहीत. माणसांच्या पायांचेही फार नाहीत. मी चालत होते आणि माझ्या मनात आलं की मागं वळून स्वतःच्या पावलांचे ठसे बघावेत. बघितले नाहीत.

तू म्हणालास, "ये की आत. हितवर आलीस तर." मी म्हटलं, तूच ये बाहेर, गोजाला घेऊन ये, तिला ताप आहे म्हणतोस तर तुपेवाडीच्या दवाखान्यात नेऊ, मी आहे सोबत. तेव्हा तू जे बोललास ते अजून कानात आहे. "आमास्नी ह्या वाटंनं येता येत न्हाय आता, वच्छे. आई ज्या वाटंनं आली त्या वाटंनं परत जायाचं न्हाय. गाडं एवढं झाल्यात की आमी बी त्येंच्यातलंच झालोय. गावातलं कुनीच जात न्हाय. कोंडीबा गेला होता, ऐकलं न्हाई त्येनं. तुपेवाडीच्या अलीकडं बसला तो उठलाच न्हाय."

मी तुझ्यावर ओरडले. अडाणी म्हटलं, पोरीच्या जिवावर उठलास म्हटलं. पोरीची उलटी थांबत नाही, आणि दवाखाना समोर असताना हा माणूस वाटेचे नियम सांगतोय! अजूनही तेच म्हणते. पण आता लिहायचं ते लिहिते. तू माझ्याशी बोलत होतास, तुझी पाठ गावाकडे होती. मी गावाकडे तोंड करून होते. तुझ्यामागे बाभळीखाली ते सगळे गाडे उभे होते, रांगेनं, वरची हिरवी कापडं नवीकोरी. आपण बोलायला लागलो तेव्हा त्यांची तोंडं ओढ्याकडे होती, बुजलेल्या वाटेकडे. तू कोंडीबाचं नाव घेतलंस आणि मी बघितलं तर ती आपल्याकडे होती. वारा नव्हता. चाकाचा आवाज झाला नाही. एकही माणूस जवळ नव्हता.

म्हणून मी आत आले नाही, दादा. तू म्हणालास, "बग, तुला बी कळतंय की." मला कळलं नाही, मला भ्या वाटलं. शेतकऱ्याची, मेंढक्याची लेक मी, कधी कशाला भ्याले नव्हते.

बजावैनी लांब घराच्या दारात उभी होती, मांडीवर गोजाला घेऊन बसली मग. एवढंसं गाठोडं दिसलं मला, त्यावर तुझं घोंगडं. तोंड काही दिसलं नाही.

मी पोरीला मरू देणार नाही. तू वरच्या वाटेनं आणणार नसशील तर मी खालची उघडते.

वच्छी


बोरखडी
२१ फेब्रुवारी १९७५

दादा,

हे पत्र येडू घेऊन येईल, ओढ्यापर्यंत. पलीकडे तू ये.

निघायच्या आधी मी जाळ्यातली कापलेली टोकं परत बांधली. चंद्रव्वा दारातनं "वद्दु अक्का, वद्दु" करत होती, नको नको म्हणत होती, कारण गाठ बांधायला सूत ओढलं तर ते येईना. दोन्ही हातांनी ओढावं लागलं, विहिरीतनं भरलेली घागर ओढतात तसं. बांधल्यावर सगळं जाळं एकदम हललं, आणि तुझी गाठ वर आली. दुसरी कुठलीच गाठ तितकी खाली गेली नाही. सगळ्या जराजराशा गेल्या. ते मला तेव्हा बरं वाटलं.

आता येडूचं ऐक. बुजवलेली वाट ज्याच्या रानातनं जाते ते रान त्याचंच निघालं. म्हणजे नांगर त्यानंच घातलेला. मी त्याच्या खळ्यावर जाऊन उभी राहिले. त्याचं लग्न झालंय, दोन पोरं आहेत, बायको केराबाई मोठ्या मनाची आहे, तिनं आधी मला पाणी दिलं आणि मग विचारलं कोण तुम्ही. येडू मला ओळखून हसला. "माज्या घरात यायचं टाळलंस, आता रानात आलीस व्हय!" म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या बहिणीची पोर मरतेय, वाट उघड. तो लगेच गंभीर झाला. त्याला पोरीचं माहीतच नव्हतं. बंद झाल्यापासून तुमच्याकडची बातमीच इकडे येत नाही, मग बहिणीच्या घरात काय चाललंय ते त्याला कसं कळणार?

काट्या काढायला, ओढ्यात मुरूम टाकायला तो एका पायावर तयार आहे. काल दिवसभर ते दोघं आणि मी खपलो. माझ्या हातांना फोड आलेत, कॉलेजच्या बायांनी बघावेत. पण तो म्हणाला, "वाट माजी, उगडली. पर तुमचं गाडं शिवेवर घ्यायला बोरखडीतलं कुनी हात लावनार न्हाय. लावल्याबिगर त्ये येनार न्हाईत. आन त्ये फुडं निगाल्याबिगर तुमची मानसं निगनार न्हाईत. कसं करतीस?" केराबाई त्याच्या हाताला धरून उभी होती, तो हात सोडवून घेईल म्हणून.

मी लावीन, दादा. मी त्या गावची लेक, बोरखडीची होता होता राहिलेली सून, आणि सूत माझ्याच हातानं कापलेलं. माझ्याएवढा हक्क कुणाचा आहे?

तर असं कर. उद्या ऊन वर आलं की गाडे ओढ्यापर्यंत आणा. पाण्यापाशी सोडा आणि मागे सरा. मी अलीकडनं हात लावते आणि पुढे घेऊन जाते. आम्ही येडूच्या रानातनं पलीकडे गेलो की मग तुम्ही निघा. येडूची बैलगाडी ओढ्यात उभी असेल. बोरखडीचा दवाखाना आमराईपाशी आहे, नवा, डॉक्टर आहे, सलाईन आहे, मी बघून आले. तुमच्या गावापासून तो तुपेवाडीच्यापेक्षा जवळ आहे. हे मला आधीच दिसायला हवं होतं, पण बेरीज जुळत होती.

हात लावणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, म्हणून गोजा मला दिसणार नाही. तिला गाडीत बसवताना मोठ्यानं काहीतरी बोलायला लाव. आवाज तरी ऐकू दे.

वच्छी


(गावाचं नाव लिहीत नाही)
मार्च, १९७५

दादा,

आवाज ऐकला मी. "आई, पानी," म्हणाली ना? गोड आहे रे आवाज.

येडूनं सायकलवर येऊन मला गाठलं आणि सांगितलं की गोजा उठून बसली, भाकरी मागते, वैनीच्या मागे लागते. मी वाटेतच बसले आणि मोठमोठ्यानं रडले. येडू जवळ आला नाही, लांबनं बोलून गेला. त्याला दोष देत नाही. रडून झाल्यावर मी उठले, कारण बसलं की मागची चाकं जवळ येतात.

मी एकच गाडा ओढते. बाकीचे मागनं येतात. मी बघत नाही, पण येतात.

बोरखडीच्या पुढच्या शिवेवर मी वाट बघत उभी राहिले, की आता कुणीतरी येईल, हात लावील, मी मोकळी. बरीच माणसं आली. नारळ फोडला, मला पिठलंभाकरी दिली, पाया पडली. हात कुणीच लावला नाही. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी सरकारी मानूस. तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या. सगळ्या गावास्नी सारकं पडंल." त्याच्या पुढच्या गावात त्यांना आधीच निरोप पोचला होता. आता मी यायच्या आतच शिवेवर भाकरी ठेवलेली असते. चांगली ठेवतात, वर शेंगाची चटणी घालून. एक रात्र, एक दिवस, मग पुढच्या गावाला. कुणाची तक्रार नाही. सगळ्यांना सारखं मिळतं, दादा. मला हेच तर करायचं होतं.

सोलापूरला निरोप पाठवला होता. कॉलेजनं माझ्या जागी दुसरं माणूस घेतलंय. रुद्रप्पा साहेबांनी चंद्रव्वाकडे माझी चौकशी केली म्हणे. ती म्हणाली, अक्का कामावर गेली.

परतायचा विचार मी करून बघितला. आल्या वाटेनं दोन पावलं मागे गेले. काय झालं ते लिहीत नाही, पण कोंडीबा का उठला नाही ते मला कळलं.

म्हणून पुढेच जायचं, आणि पुढची वाट मला तोंडपाठ आहे, मीच तर बांधली. तुझ्या ओढ्यापाशी मी ती टोकं जोडली तेव्हाच आता कुठलंच गाव शेवटचं उरलं नाही. एकही थांबायची जागा नाही. थांबायची जागा नसली आणि मागं फिरायचं नसलं की वाट फिरून फिरून आपल्याच पावलांवर येते. हे सिद्ध करायला गणितही लागत नाही, तुझ्या बकऱ्यांनासुद्धा कळेल.

दादा, पुढची शीव तुपेवाडीची आहे. त्यानंतर तुझी.

दोन्ही वाटा उघड्या ठेव. ओढ्यात मुरूम कमी पडला असेल तर टाक. शिवेवर तू येऊ नकोस, कितीही वाटलं तरी येऊ नकोस, माझ्याकडे बघून तुझा हात पुढे होईल आणि तुझ्या घरात एक लहान पोर आहे. भाकरी दगडावर ठेव आणि जा.

ती आता दुखण्यातनं उठून पुन्हा चालती-फिरती झाली असेल, आवाज झाला की दाराशी धावत असेल. त्या दिवशी तिला घरात घे आणि दार लावून घे. आत्या कुठे आहे म्हणून विचारलं तर सांग, सोलापूरला असते.

वच्छी